पाठराखीण

जयमालाच्या पाठीवर ती पट्टी बसवली, त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. नऊ वर्षं जे दुखणं मी फक्त तिच्या कपाळावरच्या आठ्यांवरून ओळखत होतो, त्याचा आता आलेख दिसणार होता. आणि आलेख वाचण्यात तर माझा जन्म गेला होता.

मी हेमंत निकम. कोयनेच्या खोऱ्यातल्या एका भूकंप वेधशाळेत तीस वर्षं तंत्रज्ञ होतो. जमीन हलली की सुई हलायची, आणि ती कशानं हलली हे शोधणं माझं काम. बायको जयमाला एसटीत कंडक्टर. पंचवीस वर्षं तिनं उभ्यानं काढली. भरल्या गाडीत, घाटाच्या वळणावर, कशालाही न धरता ती तिकिटं द्यायची. डेपोतली कुत्री तिची गाडी ओळखायची, कारण डब्यातली शेवटची भाकरी त्यांची असायची.

२०३२ सालच्या मे महिन्यात ती माझ्या स्कूटरवरून पडली. कुत्रं आडवं आलं, अशी नोंद झाली. कमरेचा एक मणका चेपला. पाच महिन्यांत हाड भरून आलं, असं प्रत्येक एक्स-रे सांगत होता. दुखणं मात्र राहिलं. वाकलं की कळ, जरा वेळ उभं राहिलं की कळ, कधी नुसती कूस बदलली तरी कळ. नोकरी सुटली. मग बाजार सुटला, मग जिना, मग स्वयंपाकघर.

मी तिला जपलं. रात्रपाळ्या सोडल्या, पदोन्नती सोडली, शेवटी दोन वर्षं आधीच निवृत्ती घेतली. ती पलंगावरून उठायला लागली की माझा हात तिच्या कोपराखाली असायचा. पळी खाली पडली तर ती वाकायच्या आत मी उचललेली असायची. दिवसातून शंभरदा मी एकच शब्द म्हणायचो, "सांभाळून." आमच्या कराडच्या सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, निकमांसारखा नवरा मिळायला भाग्य लागतं. जयमालाही तेच म्हणायची. ते ऐकलं की मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

ही पट्टी एका संशोधन-चाचणीचा भाग म्हणून मिळाली होती. आमच्या फिजिओथेरपिस्ट डॉक्टर तबस्सुम शिकलगार यांनी जयमालाचं नाव त्यात घातलं होतं. बोटभर रुंद, वीतभर लांब, कातडीच्या रंगाची पट्टी; कमरेच्या मणक्यांवर चिकटवायची आणि विसरून जायची. चाचणीतल्या इतर बायकांनी तिला आधीच नाव ठेवलं होतं. नव्या नवरीबरोबर चार दिवस सासरी सोबतीला जाते ना, तशी ही पाठराखीण.

"काका, तुम्हाला यंत्रांतलं कळतं, म्हणून नीट सांगते," तबस्सुम म्हणाली. ती माझ्या मुलीच्या वयाची. "मज्जारज्जूतून संदेश जातो म्हणजे अगदी बारीक वीज वाहते. वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वापुढे ते काहीच नाही, पण या पट्टीतले संवेदक तेवढंही पकडतात. दोन रेषा दिसतील. खालची निळी रेषा म्हणजे स्नायू, सांधे, मणके यांच्याकडून वर मेंदूकडे जाणारी खबर. वरची तांबडी म्हणजे मेंदूकडून खाली येणारा हुकूम."

"हुकूम कसला?"

"दार किती उघडायचं त्याचा. पाठीकडून आलेली खबर थेट मेंदूत जात नाही, वाटेत मज्जारज्जूत एक दार लागतं. मेंदूला सुरक्षित वाटत असलं तर तो म्हणतो, दार लोटून घ्या. धोका वाटला की म्हणतो, सताड उघडा. मग बारीकशी खबरसुद्धा आत जाऊन किंचाळते."

पलंगावर पालथी पडलेली जयमाला म्हणाली, "म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे, असंच ना? अजून एक डॉक्टर तेच सांगून गेले."

"नाही हो काकू. दुखतं ते खरंच दुखतं. दार खरं आहे, वीज खरी आहे. फक्त इजा बरी झाली तरी दार उघडंच राहिलंय. ते लोटायचं असेल तर पाठीला हलवावं लागेल. थोडं चालणं, पाण्यात चालणं, बसल्या जागेवरची सायकल. धक्का बसणार नाही असं, पण रोज. कुठल्या हालचालीला दार उघडतं ते एकदा कळलं, की तिथून सुरुवात करू."

माझ्या फोनवर तिनं एक ॲप घातलं. त्यात माझं पद होतं 'काळजीवाहक'. दोन्ही रेषा मला चोवीस तास दिसणार होत्या. जोडीला मी वहीत नोंदी ठेवायच्या होत्या : जयमाला किती वाजता उठली, बसली, चालली. त्या वहीवर मी पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले. जुना हुरूप परत आला होता.

पहिल्या दहा दिवसांत मला काही संगती लागेना. सकाळी सात दहाला ती उठली की तांबडी रेषा उसळायची. ठीक आहे, उठताना दुखतं. पण रात्री बाथरूमला ती एकटी उठायची, मी झोपेत असायचो, तेव्हा रेषा जेमतेम हलायची. पलंग तोच, पाठ तीच. अकरा वाजता ती नुसती खुर्चीत बसलेली असताना एक मोठी उसळी यायची. निळी रेषा मात्र तेव्हा शांत. पाठीकडून खबरच नाही आणि वरून हुकूम सुटतोय, दार उघडा!

अकराव्या दिवशी मला वेधशाळेतून बोलावणं आलं. जुन्या कागदी नोंदी यंत्रात भरत होते आणि काही खुणा नव्या पोरांना वाचता येत नव्हत्या. मी नको म्हणणार होतो. जयमालाच म्हणाली, "जा हो. एक दिवस मी काही मरत नाही." शेजारी किल्ली ठेवली, पोळी-भाजी तिच्या हाताशी ठेवली, पाण्याची बाटली ठेवली, आणि मी तीन वर्षांत पहिल्यांदा दिवसभरासाठी बाहेर पडलो.

संध्याकाळी परतताना गाडीत मी फोन उघडला. सकाळी साडेनऊपासून तांबडी रेषा संथ तळ्यासारखी पडून होती. मला वाटलं, झोपली असेल. पण निळ्या रेषेवर हालचाल भरपूर होती. उठणं, चालणं, वाकणंसुद्धा. घरी आलो तर ती पलंगावर होती.

"काय केलंस दिवसभर?"

"पडूनच होते." मग जरा ओशाळून म्हणाली, "गॅलरीतले कपडे तेवढे काढले. आणि खालचा कप्पा आवरला. तुम्ही रागवाल म्हणून सांगत नव्हते."

"दुखलं?"

ती विचारात पडली. "आठवत नाही बघा."

मी वही घेऊन बसलो. पाच एकोणचाळीसला मी दाराला किल्ली लावली होती. तांबडी रेषा उसळली होती पाच अडतीसला. त्या एका मिनिटात काय झालं असेल? मग आठवलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला खोकला आला होता.

वेधशाळेत नवीन माणूस आला की आम्ही त्याला पहिली गोष्ट एकच शिकवायचो. सुई हलली की जमिनीला दोष देऊ नकोस, आधी बघ खोलीत कोण चालतंय. यंत्र इतकं हळवं असतं की पाहणाऱ्याच्या पावलांचाही भूकंप नोंदवतं. मी मागची दहा पानं उलटली. रोजचे अकरा म्हणजे माझी भाजी घेऊन परत यायची वेळ. सात दहा म्हणजे माझा हात तिच्या कोपराखाली जायची वेळ.

तरी मी मान्य केलं नाही. मी चाचणी घेतली. हे सांगताना आजही जीभ अडखळते. तीन दिवस मी माझ्या बायकोवर तिच्या नकळत प्रयोग केला. ती शांत बसलेली असताना, काही कारण नसताना, मी तीन वेगवेगळ्या वेळी मागून म्हणालो, "सांभाळून." तिन्ही वेळा फोनवर तांबडी रेषा सरळ वर गेली. तिसऱ्या वेळी तिनं कंबर धरली आणि "आई गं" म्हणाली. मी धावत जाऊन तिला आधार दिला. रेषा आणखी वर गेली.

दुसऱ्या दिवशी औषध आणायला जातो सांगून मी तबस्सुमकडे गेलो आणि वही तिच्यापुढे ठेवली. तिनं ती पूर्ण उघडलीसुद्धा नाही.

"मलाही दिसलं होतं, काका. तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं."

"म्हणजे मीच?"

"तुम्ही एकटे नाही. प्रेमळ घरांत हे फार दिसतं. जवळचं माणूस सतत घाबरलेलं असलं की मेंदू म्हणतो, नक्की काहीतरी धोका आहे. तो चेहरा, तो आवाज, तो शब्द, हीच धोक्याची खूण होऊन बसते. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत."

"नऊ वर्षं, डॉक्टर."

"आता उलटं करायचं. कोपर धरायचं नाही. तो शब्द म्हणायचा नाही. काकूंना मी सोमवारपासून पाण्यात चालायला बोलावलंय. पाणी शरीराचं ओझं उचलतं, मणक्यांवर भार येत नाही, पडायची भीती नाही. तुम्ही सोडायला या आणि बाहेर बसा. आणि हे त्यांना मीच समजावून सांगते, चालेल?"

"नको," मी म्हणालो. "मी सांगेन."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काका, एक विचारू? बायकोला जपणारे नवरे मी पाहिलेत. पण तुम्ही इतके घाबरता कशाला?"

मी वही उचलून निघालो. घरी येऊन जयमालालाही काही सांगितलं नाही.

सोमवारी मी तिला एका शाळेच्या तरणतलावावर घेऊन गेलो. अकराच्या तुकडीत सात-आठ बायका होत्या, सगळ्यांच्या पाठी कुठे ना कुठे धरलेल्या. त्यांना शिकवणाऱ्या सिंधूताई छातीभर पाण्यात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. बायका एका काठावरून दुसऱ्या काठाकडे संथ चालत होत्या, हसत होत्या, सुनांच्या तक्रारी करत होत्या. जयमाला भीत भीत पायऱ्यांशी गेली. मी बाहेर बाकावर बसायचं होतं. मी दारात उभा राहिलो.

पहिली पायरी उतरली, दुसरी उतरली. तिसऱ्या पायरीवर तिनं कठड्याचा हात सोडला. पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी डेपोच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं.

"अगं सांभाळून, घसरशील!"

माझाच आवाज. त्या बंदिस्त छपराखाली तो केवढा तरी घुमला. जयमाला जागच्या जागी ताठ झाली. मागे वळायला गेली, कठडा धरायला गेली, आणि तिच्या पाठीत असा पेटका आला की सिंधूताईंनी आणि दुसऱ्या एकीनं तिला धरून खुर्चीत बसवलं. ती घसरली नव्हती. तिच्या पायाखालची पायरी अगदी रुंद, खडबडीत होती. नंतर मी जाऊन हात लावून पाहिली.

चार दिवस ती अंथरुणातून उठली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी तिला वरण-भात भरवत होतो. दोन घास खाऊन तिनं माझा हात धरला.

"तुम्हाला माझा कंटाळा कसा येत नाही हो?" ती म्हणाली. "तुमचं सगळं आयुष्य मी या खोलीत अडकवलं. दुसरा असता तर केव्हाच वैतागला असता. तुम्ही एकदाही चढ्या आवाजात बोलला नाहीत. त्या दिवशीसुद्धा तलावावर, माझ्याच काळजीनं ओरडलात." मग डोळे मिटून म्हणाली, "माझंच नशीब. त्या मुक्या जनावराला तरी काय दोष द्यायचा."

ती आभार मानत होती. हातातला चमचा मी ताटात ठेवला.

"जयमाला, कुत्रं नव्हतं."

"काय?"

"त्या दिवशी रस्त्यावर कुत्रं आडवं आलंच नव्हतं. मी खोटं सांगितलं. तुला, पोलिसांना, सगळ्यांना."

तिनं डोळे उघडले. ती कंडक्टर होती. अपघाताची चौकशी कशी होते तिला माहीत होतं. एकेक प्रश्न तिनं अगदी सपाट आवाजात विचारला.

"वेग किती होता?"

"पन्नासच्या वर."

"मग आदळलो कशावर?"

"गतिरोधकावर. मला दिसला नाही. हँडलवर फोन लावला होता, वेधशाळेचा संदेश आला होता. मी तो वाचत होतो."

"तुमची सुट्टी होती."

"हो."

"तुम्ही वाचला नसता तर कुणाचं अडलं असतं?"

"कुणाचंही नाही."

"किती रिश्टरचा होता?"

"दोन पूर्णांक आठ."

"म्हणजे फडताळातलं भांडंसुद्धा वाजलं नसेल."

"नाही."

ती छताकडे बघत होती. "मी 'हळू' म्हणाले होते."

"दोनदा म्हणालीस. मी ऐकलं होतं."

वरण-भात गार झाला. मग म्हणाली, "नऊ वर्षं मी कुठल्या कुत्र्याला तुकडा टाकला नाही. दारात आलं की हाकलायचे. त्यांच्यातल्याच कुणीतरी मला अशी केली म्हणून."

मला वाटलं, सांगायचंच आहे तर सगळंच सांगावं. पुन्हा धाडस होणार नाही. मी वही आणली. दोन रेषांचा अर्थ सांगितला, अकराचा, पाच अडतीसचा, माझ्या खोकल्याचा. तीन दिवसांचा प्रयोगही सांगितला. ती रडेल, ओरडेल, ताट भिरकावेल असं मला वाटत होतं. यातलं काही झालं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

"हे सगळं तुम्ही माझ्यासाठी करत होता," ती सावकाश म्हणाली, "की शिक्षा भोगत होता?"

"मला वाटायचं, तुझ्यासाठी."

"शिक्षा तुमची होती ना? मग तुमच्या कोठडीत मला का ठेवलंत?"

तिनं हात पुढे केला. मला वाटलं, उठायला आधार मागतेय, आणि सवयीनं मी वाकलो.

"फोन द्या," ती म्हणाली.

तिनं स्वतःच शोधून 'काळजीवाहक' या शब्दासमोरचं माझं नाव पुसलं. दोन्ही रेषा माझ्या फोनवरून गेल्या. मग ती कुशीवर झाली, कोपरावर जोर दिला, तोंड वाकडं झालं, आणि उठून बसली. मी भिंतीला पाठ लावून दोन्ही हात मागे धरून उभा होतो. पलंगापासून दारापर्यंत सात पावलं आहेत. ती मधे दोनदा थांबली. दाराशी पोचल्यावर म्हणाली, "आजपासून माझी काळजी करायची नाही. तुमचा तो हक्क गेला."

दुसऱ्या दिवसापासून ती रिक्षानं एकटी तलावावर जायला लागली.

लोकांना वाटतं खरं सांगितलं की मन मोकळं होतं. माझं झालं नाही. पूर्वी मला एकाच गोष्टीची टोचणी होती, आणि सेवा करून मी ती दिवसभर झाकून ठेवायचो. आता झाकायलाही काही उरलं नाही. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मीठ संपलंय. गॅस आलाय. तिनं आपलं अंथरूण मुलीच्या रिकाम्या खोलीत हलवलं. तिथलं कपाट सरकवल्याचा आवाज आला तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याची कड घट्ट धरून उभा राहिलो. आत गेलो नाही. तिच्या हातून वाटी पडली, आणि ती गुडघे वाकवून, एका हातानं खुर्ची धरून वाटी उचलत असताना मी तसाच जेवत राहिलो. नऊ वर्षं केलेल्या सगळ्या सेवेपेक्षा हे काही न करणं मला जड गेलं.

ती एकदम बरी झाली असं कुणी समजू नये. तबस्सुमनं भिंतीवर लावायला तक्ता दिला होता आणि जयमाला तो स्वतःच्या अक्षरात भरायची. चालणं सहा मिनिटं. आठ मिनिटं. पाण्यात वीस. सायकल पाच. मधेच एखादा दिवस वाईट यायचा. तेव्हा ती तोंड आवळून घरातल्या घरात चालायची आणि तक्त्यावर लिहायची, 'दुखतंय. निम्मं केलं.' तबस्सुमचा नियमच तसा होता. वाईट दिवशी निम्मं, पण शून्य कधीच नाही. एकदा तिनं एक ओळ लिहिली, ती मी पुन्हा पुन्हा वाचली : 'दुखतंय, पण भीती नाही.'

ऑक्टोबरात तबस्सुम एकदा बाजारात भेटली. तांबडी रेषा निम्म्यावर आली म्हणाली. मी कारण विचारलं नाही. कारण मला माहीत होतं. घरातला एक माणूस गप्प बसला होता.

"तुम्ही कसे आहात, काका?" तिनं विचारलं. नऊ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि बरोबरच होतं. मी ठीक म्हणालो आणि मेथीची जुडी निवडत राहिलो.

डिसेंबरात एका सकाळी मी चहा गाळत होतो. जयमाला बूट घालून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"आज सिंधूताई यायच्या नाहीत," ती म्हणाली. "नदीवर फिरायला जाते. तुम्ही आलात तरी चालेल."

मी चहा तसाच ठेवला.

"पण माझ्या शेजारनं चालायचं नाही. मागनं तर अजिबात नाही, मला तुमची नजर पाठीवर कळते. पुढे चाला. आणि मागे वळून बघायचं नाही."

"आणि तुला काही लागलं तर?"

"तर मी बोलेन. मला तोंड आहे."

नदीकाठच्या रस्त्यावर धुकं होतं. पलीकडच्या काठावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, त्यांतला एखादा मधेच धडधडायचा. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तिथल्या घाटाकडे आम्ही निघालो. मी पुढे. माझ्या मागे वीसेक पावलांवर तिचे बूट वाजत होते. उजवा जरा जड, डावा हलका. त्या आवाजावर मी असा कान लावला होता, जसा कधी कुठल्या यंत्रावर लावला नव्हता. माझ्याकडे आता आलेख नव्हता. नजरही नव्हती. फक्त तेवढा आवाज.

घाटाच्या अलीकडे रस्त्याला चढ लागतो. तिथे बूट थांबले.

मी दोन पावलं पुढे जाऊन थांबलो. माझी मान आपोआप वळायला निघाली आणि मी हनुवटी छातीला टेकवून तिला अडवलं. कळ आली असेल. बसली असेल. बसायला तिथे काही आहे का? दगड आहे, पण ओला असेल. 'सां' हे अक्षर माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ओठ दातांखाली धरले. धुक्यात एक होडी सुटल्याचा आवाज आला. कुणीतरी कुणालातरी हाक मारली. ती जयमाला नव्हती. मला वाटलं, एवढ्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलं असेल, आणि पुन्हा एकदा ते माझ्याच पाठीमागे, माझ्यामुळेच झालं असेल. तरी मी वळलो नाही. वळणं मला सोपं होतं. ती भीती माझी होती आणि मी नेहमी तिच्याच पाठीवर ठेवली होती. या वेळी ती मी माझ्याजवळ ठेवून उभा राहिलो.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बूट वाजले. उजवा, डावा. जवळ आले, माझ्या शेजारी आले. ती का थांबली होती हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिचा श्वास जड येत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

ती माझ्या बाजूनं पुढे निघून गेली. चढावर, हात मोकळे सोडून. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तिची पाठ पाहिली, चालताना, माझ्यापासून लांब जाताना.